रुग्णाच्या शेजारीं बसतांना

नांदेडहून एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचा पुतण्या लातुरास राहून मानसशास्त्राचा अभ्यास करतो आणि आठवड्यांतून एक दिवस अध्यापकांसमवेत तरुणांच्या मानसोपचार कक्षांत जातो. मुलगा श्रद्धाळू, संध्या चुकवीत नाहीं. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीस आलेल्या, पंधरा दिवस धड झोंप न लागलेल्या एका मुलानें त्यास तेथें विचारलें, ‘देव माझ्याकडे पाहत नाहीं, माझ्या हातून कांहीं पाप घडलें असेल का?’ पुतण्यास उत्तर सुचलें नाहीं. तो तासभर नुसता शेजारीं बसून राहिला, आणि आपली श्रद्धा तोकडी पडली म्हणून तेव्हांपासून खंतावला आहे. सासूबाई म्हणतात, ‘त्यानें तिकडे जाणेंच सोडावें, अशा ठिकाणीं जाणाऱ्यास उद्यां मुलगी कोण देईल?’ भगिनी आमचें मत विचारतात.

आमच्या मतें तो गप्प बसला हें उत्तमच झालें. नैराश्याच्या विकारांत झोंप व भूक उडते, चित्त एकाग्र होत नाहीं, आणि आपण अपराधी आहों ही भावना बळावते. ‘मी पापी’ हे शब्द म्हणजे त्या मुलाचा धर्मविचार नसून, तापांत अंग तापावें तसें दुखण्याचेंच लक्षण असूं शकतें. अशा वेळीं ‘जप वाढव’ असें सांगितलें असतें, तर मन न लागल्यामुळें तो जपहि अर्धवट राहता आणि पापांच्या यादींत आणखी एकाची भर पडती! पैठणच्या नाथांनीं रामेश्वरास न्यावयाची काशीची गंगा वाटेंत तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखीं घातली, ही कथा मराठवाड्यांत पोराटोरांसहि ठाऊक आहे. गाढवास त्यांनीं उपदेश केल्याचें मात्र कोणी सांगत नाहीं.

एक गोष्ट पुतण्यानें केलीच पाहिजे. असा प्रश्न कानीं आला कीं तो त्याच दिवशीं डॉक्टरांस सांगावा. बोलण्यांत जगणें नकोसें झाल्याचा सूर असेल, तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असें सरळ विचारण्यास भिऊं नये. विचारल्यानें ती कल्पना डोक्यांत शिरते हा समज खरा नाहीं. सरकारी नोंदीप्रमाणें २०२२ सालीं देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आत्मघात केला, आणि त्यांत महाराष्ट्राचा आंकडा सर्व राज्यांत मोठा होता. ‘लातूर पॅटर्न’चें कौतुक आम्हांसहि आहे. पण खेड्यांतून आलेलें सतरा वर्षांचें पोर भाड्याच्या खोलींत डब्याचें जेवण जेवीत, वडिलांनीं फीसाठीं काढलेल्या कर्जाचा हिशेब रात्रभर करीत असतें, हें कौतुकाच्या भरांत आपण विसरतों.

श्रद्धेनें उपचाराची जागा घेतली कीं काय होतें, तें ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें दिसलें. दर्ग्याच्या आश्रयास आणलेले, साखळदंडांनीं बांधलेले २८ रुग्ण आगींत जळून मेले. दर्गा परक्यांचा म्हणून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. गंडेदोरे आणि अंगारे आपल्याहि घरांत डॉक्टरांच्या आधीं येतात. रुग्णास साखळीनें बांधण्यास २०१७ च्या कायद्यानें बंदी आहे. त्याच कायद्यानें रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्कहि दिला आहे. तेव्हां पुतण्यानें तेथील मुलांचीं नांवें घरीं सांगूं नयेत, व घरच्यांनींहि विचारूं नयेत.

सासूबाईंस आदरपूर्वक कळवावें कीं, हे विकार सहवासानें जडत नाहींत. ‘मुलगी कोण देईल’ ह्या धास्तीनेंच कित्येक घरें आपलें दुखणाईत मूल वेळेवर डॉक्टरांकडे नेत नाहींत. निदान १४४१६ हा क्रमांक तरी दूरध्वनीजवळ लिहून ठेवावा. सरकारची ही ‘टेलिमानस’ सेवा २०२२ पासून अहोरात्र व विनामूल्य चालते आणि मराठींत बोलतां येतें.

पुतण्यानें पुढील आठवड्यांत अवश्य जावें. औषधांचा गुण दिसूं लागण्यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. तोंवर त्या मुलास तोच चेहरा त्याच वारीं शेजारीं बसलेला दिसूं द्यावा.