बसथांबा आमचा, बस मात्र त्यांची!

१९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन आहे, रस्ते व पूल आहेत, बसथांबेसुद्धा आहेत. बस मात्र नाही! शिवाय हे अधिकार पालिकेला द्यायचे की नाही, हे अनुच्छेद २४३ (डब्ल्यू) ने राज्यांच्या मर्जीवर सोडले आहे.

परिणाम मुंबईत पाहा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचे राज्य चालले. याच काळात, २०२३ साली, सुमारे ६ हजार कोटींच्या काँक्रीट रस्त्यांची कामे निघाली. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. धुणीभांडी करणाऱ्या आमच्या भगिनींना, नाक्यावरच्या कामगाराला कुणी विचारले? विचारणार कोण? त्यांचा नगरसेवकच सभागृहात नव्हता.

आता नगरसेवक आहेत. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: रस्ता खोदण्यापूर्वी आणि बसमार्ग बदलण्यापूर्वी तो विषय प्रभाग समितीसमोर आलाच पाहिजे. वस्त्यावस्त्यांतील कार्यकर्त्यांनी आपल्या नगरसेवकाकडे हे लेखी मागावे. 'एक माणूस, एक मत' बाबासाहेबांनी मिळवून दिले. 'एक माणूस, एक मूल्य' रस्त्यावरही मिळवणे हे आपले काम आहे.