विकलेल्या टँकरवरही आमचीच मुलं असतात

इंटरटँको, लंडन आणि ऑस्लो
अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळ यांस,



मी रत्नागिरीचा. उमेदीची सगळी वर्षं टँकरवर गेली, चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण ते तुमच्याबरोबर इथल्या घरांनीही वाचावं अशी इच्छा आहे. कोकणात ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘बोटीवर असतो’ एवढं उत्तर पुरतं. बोट कोणाची, हे कोणी विचारत नाही. ते विचारायला हवं, आणि विचारल्यावर उत्तर मिळायला हवं. त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

इथल्या वाचकांसाठी इंटरटँकोची थोडी ओळख करून देतो. ज्यांचे टँकर ना तेल कंपन्यांच्या मालकीचे ना सरकारच्या, अशा स्वतंत्र मालकांची ही जागतिक संघटना 1970 मध्ये स्थापन झाली. टोरी कॅनियन हा टँकर ब्रिटनच्या खडकांवर फुटून तीन वर्षं झाली होती. पुढे 1989 मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ या टँकरचा अपघात झाला, अमेरिकेने दुहेरी तळाच्या आणि दुहेरी बाजूंच्या टँकरचा कायदा केला, आणि हा सगळा धंदा हळूहळू बदलला. मोठी तेलगळती सत्तरच्या दशकात नित्याची होती, आज ती विरळा आहे. त्यात तुमच्या संघटनेचाही वाटा आहे. भाड्याची बोलणी सुरू होण्याआधी जहाजाची सगळी माहिती मागणारी ‘क्यू-88’ प्रश्नावली तुमचीच. जहाज त्याची मजबुती तपासणाऱ्या चांगल्या वर्ग-संस्थेकडे नोंदलेलं हवं, त्याचा भक्कम विमा हवा, या सभासदत्वाच्या अटीही तुमच्याच. त्या अटींमुळे मी आणि माझ्यासारखे अनेक जण धडधाकट घरी परतलो.

हेबेई स्पिरिटच्या वेळी तुम्ही काय केलंत, तेही मला आठवतं. 7 डिसेंबर 2007 ला हा टँकर दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभा होता. ओढून नेत असलेल्या क्रेनच्या बार्जचा दोर खवळलेल्या समुद्रात तुटला आणि बार्ज येऊन टँकरवर आदळला. दहा हजार टनांहून जास्त क्रूड समुद्रात गेलं. कॅप्टन जसप्रीत चावला आणि चीफ ऑफिसर श्याम चेतन खालच्या कोर्टात निर्दोष सुटले, पण अपिलात त्यांना तुरुंगात टाकलं. घरी यायला त्यांना जून 2009 उजाडला. त्या दीड वर्षात जहाजमालकांच्या इतर संघटनांबरोबर तुम्हीही जाहीरपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिलात. नांगरावर उभ्या जहाजाच्या चीफ ऑफिसरला तुरुंग होऊ शकतो, हे कळल्यावर तेलाच्या पाइपांच्या मॅनिफोल्डवर उभं राहताना आमच्या पोटात गोळा यायचा. तुमचा आवाज तेव्हा मोलाचा वाटला.

म्हणूनच आज तक्रार तुमच्याकडे करतो आहे.

टँकर विकून ताब्यात देण्याचा दिवस मी जवळून पाहिला आहे. सकाळीच फनेलवरचं कंपनीचं चिन्ह रंगवून टाकलं. बोसनने दोरांवर टांगलेल्या फळीवर बसून नावावर काळा रंग फिरवला. नावाची अक्षरं वेल्डिंगने उठवलेली असतात, त्यामुळे रंगाखालूनही ती हाताला लागतात. दुपारी झेंडा उतरला, कागदांवर सह्या झाल्या, आम्ही बॅगा घेऊन गँगवेवर आलो. नवा क्रू वर येत होता. त्यातल्या एका पोराने, बोलण्यावरून आमच्याच बाजूचा, मला विचारलं, “सर, कंपनी कुठली हो ही? एजंटने नुसतं बोटीचं नाव सांगितलंय.” मला उत्तर देता आलं नाही. विकत घेणारी कंपनी कोणाची आहे, हे आमच्या कॅप्टनलाही माहीत नव्हतं.

डिसेंबर 2022 मध्ये रशियन तेलावर किमतीची मर्यादा आली, ती चुकवून तेल नेणाऱ्या जहाजांना मागणी आली आणि अशी अनोळखी विक्री फार वाढली. पंधरा-वीस वर्षांचे टँकर, जे एरवी भंगारात गेले असते, त्यांना चढे भाव मिळाले. मालक कागदावरची एखादी कंपनी, झेंडा आज एका देशाचा तर उद्या दुसऱ्याचा, विमा आहे की नाही ते देव जाणे. मे 2023 मध्ये मलेशियाजवळ पाब्लो नावाच्या 26 वर्षं जुन्या, रिकाम्या टँकरचा स्फोट झाला. त्यावर भारतीयही होते. तीन खलाशी सापडले नाहीत. रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा धोक्याचा असतो, हे टँकरवरच्या कॅडेटलाही शिकवतात. टाकीतला ऑक्सिजन आठ टक्क्यांखाली ठेवणारी इनर्ट गॅसची यंत्रणा नीट चालली नाही, तर एक ठिणगी पुरते. आणि देखभालीचा खर्च वाचवायचा ठरवला की अशाच यंत्रणांकडे आधी दुर्लक्ष होतं.

हे सगळे टँकर कधी ना कधी कोणा नीटनेटक्या मालकाचे होते. काही तुमच्या सभासदांचेही असणारच.

‘विकल्यानंतर आमचा संबंध संपतो’, हे उत्तर मला पटत नाही. गावात जुनी रिक्षा विकतानाही आरसी बुक नव्या मालकाच्या नावावर चढेपर्यंत माणसाला चैन पडत नाही, कारण अपघात झाला तर पोलीस आपल्या दारात येतील ही धास्ती असते. अडीचशे मीटर लांबीच्या टँकरच्या बाबतीत तेवढीही धास्ती नसावी?

कोणाला विकायचं हा सभासदाचा खाजगी प्रश्न आहे, असं तुमचे वकील सांगतील. पण वर्ग-संस्था आणि विमा हेही एके काळी खाजगीच प्रश्न होते. ते तुम्ही अटींत घातलेत. युरोपीय संघाने डिसेंबर 2023 मध्ये बाहेरच्या देशांना टँकर विकताना कळवण्याचं बंधन घातलं. जे सरकार करू शकतं ते संघटनेने आधी करायला हवं होतं, कारण धंद्याची नाडी तुम्हाला सरकारांपेक्षा जास्त कळते.

मागणी साधी आहे. खरा मालक माणूस म्हणून समोर आल्याशिवाय आणि विम्याचा पक्का दाखला दिल्याशिवाय सभासदाने टँकर विकायचा नाही, ही सभासदत्वाची अट करा. आणि विकलेल्या प्रत्येक टँकरचा आयएमओ नंबर सगळ्यांना बघता येईल अशा यादीत ठेवा. नाव बदलतं, झेंडा बदलतो, पण सात आकड्यांचा हा नंबर जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. जॉइनिंगचं पत्र हातात पडलं की इथल्या आईबापांनी तो नंबर त्या यादीत टाकून पाहावा, आणि जहाज कोणी, कधी, कोणाला विकलं ते त्यांना दिसावं.

धोका फक्त बोटीवरच्या मुलांना नाही, किनाऱ्यालाही आहे. रत्नागिरीतल्या मिऱ्याच्या किनाऱ्यावर 2020 च्या निसर्ग वादळात बसरा स्टार हा टँकर येऊन लागला. तेरा खलाशी वाचले. पोटात क्रूड नव्हतं म्हणून आमची मासेमारी वाचली. जहाज मात्र वर्षानुवर्षं तिथेच गंजत राहिलं आणि आम्ही ते पाहत राहिलो. पुढचं जहाज भरलेलं असेल, तर त्याची भरपाई कोणाकडे मागायची?

उत्तर पाठवाल तेव्हा एवढं स्पष्ट कळवा: डिसेंबर 2022 नंतर सभासदांनी विकलेल्या टँकरची नोंद संघटनेकडे आज आहे का, आणि असल्यास ती खुली करायला अडचण कसली आहे?

आपला,
रत्नागिरीचा एक निवृत्त चीफ ऑफिसर