गाडीचा डेटा कंपन्यांना विकला कोणी? सरकार, ॲप्स आणि तुमची प्रायव्हसी

जेऊर स्टेशनबाहेर लावलेल्या बाईक्सच्या नंबरप्लेट बघा. बहुतेक एमएच ४५, म्हणजे अकलूज आरटीओ. गाडी घेताना तुम्ही दिलेली माहिती केंद्र सरकारच्या ‘वाहन’ या डेटाबेसमध्ये जाते आणि लायसन्सची ‘सारथी’मध्ये. देणं भागच असतं, नाहीतर गाडी रस्त्यावर येणार कशी?

आता गंमत बघा. २०१९ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने हा डेटा घाऊकमध्ये द्यायचं धोरण आणलं. कंपनीने वर्षाला ३ कोटी रुपये भरायचे आणि डेटा न्यायचा. त्याच वर्षी जुलैमध्ये नितीन गडकरींनी राज्यसभेत सांगितलं की ८७ खाजगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना ‘वाहन’ आणि ‘सारथी’चा ॲक्सेस दिलाय, त्यातून ६५ कोटी रुपये मिळालेत. हा डेटा दुसऱ्या डेटाशी जुळवला तर नेमका माणूस ओळखता येऊ शकतो, हे त्या धोरणातच लिहिलेलं होतं! म्हणजे धोका माहीत असूनही विक्री चालू. २०२० मध्ये धोरण रद्द झालं. पण एकदा कॉपी झालेला डेटा परत मागवता येत नाही. सर्व्हरवर काम करणारा कुणीही हे सांगेल.

म्हणून ‘सरकारची पाळत जास्त वाईट की कंपन्यांची?’ हा वाद मला थोडा फसवा वाटतो. पाईप एकच आहे.

तरी एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. ॲपने लोकेशन मागितलं तर तुम्ही ‘नाही’ म्हणू शकता, ॲप उडवू शकता. शेतकऱ्याला तसं करता येतं का? महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झाला. आधार आणि सातबारा जोडला नाही तर योजनेचा लाभ नाही. आयडीचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही, प्रत्येक योजनेला तीच कागदं पुन्हा जोडायची कटकट यात वाचते. पण ज्या संमतीला नकार देताच येत नाही, तिला संमती म्हणायचं का? याच ॲग्रीस्टॅकच्या सुरुवातीला, २०२१ मध्ये, केंद्राने ६ राज्यांतल्या १०० गावांच्या पायलटसाठी मायक्रोसॉफ्टशी करार केला होता. परत तोच पाईप.

मग कायदा काय म्हणतो? २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपनीने डेटा नीट सांभाळला नाही तर २५० कोटींपर्यंत दंड आहे, पण बहुतेक तरतुदी १८ महिन्यांनी लागू होणार. सरकारचं मात्र वेगळंच. अनुदान किंवा लाभ देण्यासाठी सरकारला तुमचा डेटा नव्याने संमती न घेता वापरता येतो. देशाची सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणासाठी केंद्र सरकार आपल्या एखाद्या यंत्रणेला या कायद्यातून पूर्ण सूटच देऊ शकतं. वर याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलमही बदललं, त्यामुळे ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून उत्तर नाकारणं सोपं झालं. तुमचं सगळं त्यांना दिसतं, त्यांचं तुम्हाला दिसेलच असं नाही.

मात्र विरोध केला की काहीच होत नाही, असंही नाही. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीच टाकायचा आदेश काढला. चोरीचा फोन ब्लॉक करायला ॲप चांगलंय, हवं त्याने घ्यावं. पण सक्तीवरून इतका गोंधळ झाला की ३ डिसेंबरला आदेश मागे घेतला. आठवडाही टिकला नाही.

तोपर्यंत आपल्या हातात काय? सेटिंग्जमध्ये परमिशन मॅनेजर उघडा, लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्स कुणाकुणाला दिलेत ते बघा, नको ती बंद करा. जिथे चालेल तिथे आधार नंबरऐवजी १६ अंकी व्हर्च्युअल आयडी द्या. एमआधारवरून बायोमेट्रिक लॉक करा, रेशन किंवा केवायसीसाठी अंगठा लावायच्या वेळी तेवढ्यापुरतं उघडा. घरी आजी-आजोबांच्या फोनवरही हे करून द्या, पण लॉक कसं उघडायचं ते दाखवून ठेवा, नाहीतर रेशन दुकानातून तुम्हालाच फोन येईल.