पायथ्याशीं थांबणारीं माणसें

पुण्यास पर्वतीवर जावयाचें ठरलें, कीं आमच्या घरांतील थोरल्या काकू पायथ्यापर्यंत मोठ्या उत्साहानें येतात, आणि तेथें बसकण मारून म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी पिशव्या सांभाळीत बसतें." त्या शंभरांवर पायऱ्या चढणें त्यांच्या गुडघ्यांस आतां झेपत नाहीं. त्यांची ही तोड आम्हीं कित्येक वर्षें आनंदानें मान्य केली. तींत सोय आमचीच होती, हें मात्र फार उशिरां ध्यानांत आलें.

पर्वतीच्या पायऱ्या पेशवाईंतल्या. त्या उखडाव्या असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु टेकड्यांवर, नदीकांठीं व बागांतून फिरावयाच्या ज्या नव्या वाटा हल्लीं बांधल्या जातात, त्या तरी सर्वांच्या पायांचा विचार करून कां आखूं नयेत? गेल्या हिवाळ्यांत अशाच एका वाटेवर आम्ही काकूंस घेऊन गेलों. आंतील वाट सपाट व रुंद होती; पण दुचाक्या शिरूं नयेत म्हणून तोंडाशींच लोखंडी खांब दाटीनें रोविले होते, आणि पुढें वीतभर उंचीची पायरी होती. काकू काठी टेकीत कशाबशा आंत गेल्या. इतक्यांत चाकांच्या खुर्चींत बसलेला एक तरुण तेथवर आला, त्यानें क्षणभर खांबांकडे पाहिलें, व तो परत फिरला. आंतील सारी उत्तम वाट त्या एका पायरीनें त्याच्यापुरती नाहींशी झाली.

अशी सोय करणें म्हणजे सबंध टेकडीस सिमेंट फांसणें, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. अमेरिकेंत संघराज्याच्या मालकीच्या जमिनींवरील पायवाटांसाठीं २०१३ सालीं जे नियम झाले, त्यांत पृष्ठभाग घट्ट व स्थिर असावा एवढेंच मागितलें आहे. दाबून बसविलेली मातीहि चालते. मोकळी खडी मात्र चालत नाहीं, कारण तींत चाकें रुततात. वाटेची रुंदी निदान ३६ इंच असावी. वीस फुटांस एक फूट इतका चढ असेल, तर वाट हवी तितकी लांब नेतां येते. त्याहून अधिक, म्हणजे बारा फुटांस एक फुटापर्यंत चढ असेल, तर दर २०० फुटांच्या आंत विसाव्याची सपाट जागा लागते.

या हिशेबानें पन्नास फूट उंची गांठावयास हजार फूट वाट हवी. ती डोंगराच्या अंगानें वळणें घेत न्यावी लागते. यांत नवें तें काय? आपल्या घाटांचे रस्ते गाड्यांसाठीं असेच वळणें घेत चढले आहेत. ओझ्याच्या गाडीस जी सवलत आपण दिली, ती थकलेल्या माणसास देण्यास हरकत कोणती?

शिवाय, बांकास पाठ व हात असावेत, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यास आधार धरून उठतां येतें. डोक्याच्या उंचीवर लोंबणारी फांदी छाटावी, कारण आंधळ्याच्या काठीस ती सांपडत नाहीं. आणि वाटेच्या तोंडाशीं लांबी, रुंदी, चढ व जमिनीचा प्रकार सांगणारी पाटी असावी. पुढें जावें कीं नाहीं, हें ती वाचून ज्याचें त्यानें ठरवावें; इतरांनीं त्याच्या वतीनें ठरवूं नये.

२०११ च्या शिरगणतींत आपल्या देशांत २ कोटि ६८ लक्ष दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांचे हक्क सांगणारा कायदा २०१६ सालीं झाला, व सार्वजनिक जागा त्यांस सुगम असाव्यात हें त्यानें मान्य केलें. परंतु फाटकाशीं खांब रोवणाऱ्याच्या कानीं ही गोष्ट घालण्याचें काम आपणां नागरिकांचें आहे. आपल्या गांवीं वाट आखली जात असेल, तर ती पुरी होण्यापूर्वींच नगरपालिकेस विचारावें. मागाहून फोडतोड महाग पडते.

त्या दिवशीं परततांना काकू म्हणाल्या, "त्या मुलाला आंत यावयास मिळालें असतें, तर बरें झालें असतें." स्वतःच्या गुडघ्यांविषयीं त्या कांहींच बोलल्या नाहींत. वाचकहो, आपल्या घरांतील वडील माणूस "तुम्ही जाऊन या" असें म्हणालें, तर तें इतक्या लगबगीनें मान्य करूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.