रुखवत आणि आहेर

वसमत-कळमनुरीकडच्या लग्नात मी आधी रुखवत पाहते. करंज्या, साटोऱ्या, लाडू, शेवया, कुरडया; भावकीतल्या सुवासिनींनी रात्री जागून केलेलं ते काम असतं. युक्रेनमध्येही लग्नाचा ‘कोरोवाय’ हा मोठा पाव संसारात सुखी असलेल्या सवाष्णी गाणी म्हणत करतात, त्यावर कणकेचे पक्षी बसवतात. मग नात्याच्या मानाप्रमाणे त्याचे तुकडे वाटले जातात आणि पाहुणे आहेर देतात. आपल्याकडे आहेराची वही असते. ज्यानं जेवढं घातलं, तेवढं त्याच्या घरच्या कार्यात परत करायचं. सोयाबीन-हळदीच्या पिकावर वर्ष काढणाऱ्या घराला ही फेड मोठा आधार देते. तिला कुणी मागासलेली म्हणू नये. टोपी-टॉवेलचा आहेर मात्र कुणीच वापरत नाही, तो या मांडवातून त्या मांडवात फिरत राहतो आणि वधुपित्याचा पैसा वाया जातो. रुखवताशेजारी फ्रीज, कपाट, दिवाण मांडायला लावणं तर सरळ हुंडा आहे, १९६१च्या कायद्यानं गुन्हा. वरपक्षानं सुपारी फोडतानाच सांगावं: रुखवतात खाण्याचेच पदार्थ ठेवा, टोपी-टॉवेल नको.