गिळायचा घास आणि मापावरची शीग

नायजेरियाच्या अन्नाविषयी परदेशात जो काही बोलबाला होतो, तो बहुधा जोलोफ भाताचा. टोमॅटो आणि मिरचीच्या लाल वाटणात शिजणारा हा भात लग्नाच्या पंगतीला निःसंशय शोभा आणतो, आणि तो घानाचा सरस की नायजेरियाचा या वादात दोन्हीकडची सुशिक्षित माणसे ज्या त्वेषाने उतरतात तो पाहून करमणूकही होते (नाव मुळात सेनेगलकडच्या वोलोफ लोकांचे, आणि 2021 साली युनेस्कोने मानाच्या यादीत घेतला तोही सेनेगलचाच मासळीभात, हे मात्र दोन्ही पक्ष सोयीस्करपणे विसरतात). परंतु ज्या अन्नाच्या आधारावर तेथील सामान्य रयत दिवस काढते ते अन्न वेगळेच आहे, आणि त्या देशाच्या सरकारी दफ्तरात त्याची यथायोग्य नोंद अद्याप झालेली नाही, अशी माझी तक्रार आहे.

ते अन्न म्हणजे पिठाचा ऊनऊन, चिकट गोळा आणि त्याबरोबरचे दाट कालवण. या गोळ्याला तेथे ‘स्वॉलो’, म्हणजे गिळायची वस्तू, असेच नाव आहे: उजव्या हाताने लहानसा घास तोडावा, अंगठ्याने त्यात खळगा करावा, कालवणात बुडवावा आणि दातांना न विचारता घशाखाली उतरवावा. उत्तरेतील हौसा घरांत तो ज्वारीचा, मक्याचा वा तांदळाचा ‘तुवो’. दक्षिणेत आपल्या कोनफळाच्या कुळातला याम उकडून उखळात कांडलेला. योरुबांच्या मुलखात त्याच यामच्या वाळवलेल्या पिठाचा काळपट ‘आमाला’. रस्त्याकडेच्या खाणावळीला तेथे ‘बुका’ म्हणतात (आपल्याला या शब्दाने विठोबाच्या कपाळाची आठवण व्हावी, हा भाषेचा खेळ) किंवा ‘मामा पुट’. येथे मामा म्हणजे आई, आणि ‘पुट’ ही आणखी एक पळी वाढण्याची विनवणी. अशाच एका बुकात मी एका बाईंना तागाच्या कोवळ्या पानांचे ‘एवेडू’ घोटताना पाहिले. हातात रवी नव्हती. हिरांचा वीतभर खराटा होता, आणि त्याने त्या पातेल्यात अशा वेगाने फटके मारीत होत्या की पाने विरघळून भेंडीसारखी तार सुटली. मग आमालावर एका बाजूस ते हिरवे, दुसऱ्या बाजूस डाळीचे पिवळे ‘ग्बेगिरी’ आणि मध्यभागी मिरचीचा लाल रस्सा. मी पहिला घास चावला, तेव्हा बाई हसल्या.

पण या साऱ्याच्या तळाशी, गरिबाचा अखेरचा आधार म्हणून, उभी आहे ती गारी. जो कसावा कंद आपल्याकडे साबुदाणा होऊन एकादशीच्या पानात येतो, तोच पोर्तुगीजांच्या हातून ब्राझीलहून पश्चिम आफ्रिकेत पोचला आणि तेथला झाला. या कंदात विषारी सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. म्हणून तो सोलायचा, किसायचा, पोत्यात भरून वजनाखाली आंबत आणि निथळत ठेवायचा, चाळायचा, आणि रुंद कढईत धुराने डोळे चुरचुरेपर्यंत परतायचा. हे सारे बहुतांशी बायकांच्या हातून होते. एका विषारी कंदापासून महिनोन्‌महिने टिकणारे धान्यवत अन्न निर्माण करणारी ही विद्या कोणत्याही शास्त्रशाळेने लाजावे अशी आहे. उकळत्या पाण्यात ही गारी ढवळली की ‘एबा’ होतो. आणि चूल पेटवण्याचीही ऐपत नसेल तेव्हा तीच थंड पाण्यात भिजवून साखर नि भुईमुगाच्या दाण्यांबरोबर खाल्ली जाते.

सरकारचे लक्ष मात्र गव्हाकडे आणि तांदळाकडे. 1987 साली गव्हाच्या आयातीवर बंदी आली. 2019 च्या ऑगस्टात तांदळाची चोरटी आयात थांबवण्यासाठी जमिनीवरच्या सरहद्दी बंद झाल्या, आणि बेनिनमार्गे येणाऱ्या त्या मालात आपल्या भारतातला उकडा तांदूळही होता. देशी भातशेतीला संरक्षण नको असे मी म्हणत नाही. शहरांना भात हवा आहे, त्यात पाप नाही. पण कसावा जमिनीतून उपटल्यावर दोन-तीन दिवसांत नासू लागतो, त्यामुळे शेताजवळ एक चालू किसणी आणि पावसाळ्यात न खचणारा रस्ता यांची किंमत जकातखात्याच्या दहा फर्मानांहून अधिक आहे, एवढे साधे गणित ध्यानी घेतले जात नाही. 2023 साली इंधनावरील सवलत उठली, तेथले चलन नायरा कोसळले, जुलैत राष्ट्राध्यक्षांनी अन्नसुरक्षेची आणीबाणी जाहीर केली. 2024 च्या जूनमध्ये अन्नपदार्थांची वार्षिक भाववाढ 40 टक्क्यांच्या वर गेली.

बाजारात गारी तराजूने नव्हे, डब्याने मोजतात; टोमॅटोच्या रिकाम्या डब्याला ‘डेरिका’ म्हणतात, मोठे माप म्हणजे रंगाची रिकामी बादली. आपल्याकडे शेरावर चढवीत तशी त्यावर शीग चढवण्याची चाल आहे, आणि गिऱ्हाईक डोळा न हलवता विकणाऱ्या बाईच्या हाताकडे पाहत राहते. महागाईत तो हात आधीपेक्षा लवकर थांबतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘मामा, पुट’. बाई चिमूटभर गारी आणखी टाकतात, आणि ती उतारावरून घसरून पुन्हा पोत्यातच पडते.