शेवटची प्रत कोणाकडे?

‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’ या अमेरिकी मालिकेत ‘बीवेअर द ग्रे घोस्ट’ नावाचा एक भाग आहे. तो ४ नोव्हेंबर १९९२ रोजी प्रथम प्रक्षेपित झाला. गॉथम शहरात बॉम्बस्फोट होऊ लागतात आणि त्यांची तऱ्हा बॅटमॅनला ओळखीची वाटते. लहानपणी वडिलांसोबत पाहिलेल्या ‘ग्रे घोस्ट’ या कृष्णधवल मालिकेत नेमके असेच स्फोट होते. ते घडवले कसे जात, याचा मात्र त्याला उलगडा होत नाही. आणि मालिका पुन्हा पाहावी म्हटले तर तिच्या फिती आगीत जळून गेलेल्या. अखेर तो सायमन ट्रेंट या विस्मृतीत गेलेल्या नटाला गाठतो. एकेकाळी ग्रे घोस्ट साकारणारा हा माणूस आता काम मिळत नाही म्हणून त्या काळच्या वस्तू विकून घरभाडे भरतो आहे. त्याच्यापाशी ती फीत शिल्लक असते. तिच्या आधारे गुन्ह्याचा माग लागतो, आणि भागाच्या शेवटी ती हरवलेली मालिका व्हिडिओवर प्रकाशित होते.

सुपरहिरोच्या जुन्या मालिकेचे घरगुती व्हिडिओवर पुनःप्रकाशन हा विषय सुपरहिरोच्याच एका मालिकेने कथावस्तू म्हणून निवडावा, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. अशा संचांविषयी बोलताना सहसा एकच शब्द वापरला जातो : स्मरणरंजन. चाळिशीतली माणसे आपले बालपण पैसे मोजून परत विकत घेतात, असा त्यामागचा किंचित उपहासाचा सूर. आमचे म्हणणे निराळे आहे. असा संच ही त्या कृतीची एक आवृत्ती असते. आणि आवृत्तीशिवाय समीक्षा संभवत नाही. वाचकाच्या हाती प्रत नसेल तर उरते ती केवळ आठवण. आठवणीवर प्रेम करता येते, तिच्याशी वाद घालता येत नाही.

आम्ही मराठी शिकवतो. पाठचिकित्सा हा आमच्या अभ्यासक्रमातील बहुधा सर्वांत रुक्ष मानला जाणारा भाग. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. पण आपण आज वाचतो ती संहिता कोणाच्या तरी निवडीतून आपल्यापर्यंत आली आहे, ही जाणीव त्यातून क्वचितच रुजते. ही जाणीव वर्गात रुजवायची तर या मालिकेच्या डीव्हीडींइतके सोपे उदाहरण आम्हांला दुसरे सापडलेले नाही.

प्रथम क्रमाचा प्रश्न घेऊ. मालिका ५ सप्टेंबर १९९२ रोजी फॉक्स वाहिनीच्या ‘फॉक्स किड्स’ या मुलांसाठीच्या विभागात सुरू झाली. पहिल्या दिवशी दाखवला गेला तो ‘द कॅट अँड द क्लॉ’चा पूर्वार्ध, त्याचा उत्तरार्ध आला थेट १२ सप्टेंबरला. मधल्या दिवसांत इतर कथा दाखवल्या गेल्या. निर्मितीच्या क्रमाने पहिला असलेला ‘ऑन लेदर विंग्ज’ दुसऱ्या दिवशी दिसला. ६ जुलै २००४ रोजी डीव्हीडीचा पहिला खंड निघाला, तेव्हा त्यात २८ भाग निर्मितीक्रमाने लावले गेले. त्यामुळे प्रक्षेपणात पहिला असलेला भाग संचात पंधरावा झाला.

यात काय बिघडले, असे कोणी विचारील. ‘हार्ट ऑफ आइस’चे उदाहरण पाहावे. पॉल डिनी यांनी लिहिलेला आणि ब्रूस टिम यांनी दिग्दर्शित केलेला हा भाग. त्याच्या लेखनाला डेटाइम एमी पुरस्कार मिळाला. बर्फाची बंदूक घेऊन फिरणाऱ्या एका पोकळ खलपुरुषाला त्यात आजारी पत्नीच्या विरहाचे दुःख दिले गेले आणि मिस्टर फ्रीझ ही व्यक्तिरेखा कायमची बदलली. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला हा भाग तिसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबरला भेटला. त्याच्या दृष्टीने ती प्रतिज्ञा होती : आम्ही मुलांसाठीच्या कार्यक्रमात शोकांतिका सांगणार आहोत. संचात हा भाग चौदावा येतो, आणि त्याच्या लगेच आधी असतो ‘आय’व्ह गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट’ हा लहान मुलांच्या साहसकथेच्या वळणाचा, आमच्या मते बराच बाळबोध भाग. संच पाहणाऱ्याला निर्माते चाचपडताना दिसतात आणि मग अचानक त्यांना आपला सूर सापडल्याचे जाणवते. कृती तीच, एका क्रमात ती घोषणा ठरते, दुसऱ्यात शोध. आम्ही ही मालिका प्रक्षेपणाच्या क्रमाने कधीच पाहिली नाही. ‘हार्ट ऑफ आइस’विषयीचे आमचे वर्षानुवर्षांचे मत ज्या क्रमावर उभे होते, तो कोणीतरी लावलेला आहे, हे आमच्या पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

दुसरा प्रश्न नावाचा आणि व्याप्तीचा. या मालिकेच्या मूळ शीर्षकदृश्यात तिचे नाव कुठेही झळकत नाही. काळोखे शहर, छपरावरची झटापट, विजेच्या लखलखाटात उभी आकृती; बस्स. मालिकेचे ८५ भाग १९९२ ते १९९५ या काळात दाखवले गेले, त्यांपैकी शेवटचे २० ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ बॅटमॅन अँड रॉबिन’ या वेगळ्या नावाने. १९९७ पासून आलेले ‘द न्यू बॅटमॅन अ‍ॅडव्हेंचर्स’चे २४ भाग तर रेखाटनशैलीनेही निराळे. डीव्हीडीच्या पहिल्या तीन खंडांत ८५ भाग मावले. डिसेंबर २००५ मध्ये हे २४ भाग चौथा खंड म्हणून आले. पुढे २०१८ च्या ब्ल्यू-रे संचात सगळे मिळून १०९ भागांची एकच ‘संपूर्ण’ मालिका झाली. आज कोणी या मालिकेचे १०९ भाग असल्याचे सांगितले, तर ते चूक म्हणता येणार नाही; पण तो आकडा एका आवृत्तीने घडवलेला आहे, हे सांगणाऱ्याला ठाऊक असावे.

तिसरा प्रश्न प्रतीच्या शुद्धतेचा. या मालिकेची पार्श्वभूमी-चित्रे नेहमीसारखी पांढऱ्या कागदावर न काढता काळ्या कागदावर रंगवली जात. म्हणजे अंधार आधी आणि प्रकाश त्यावर मागाहून चढवलेला. २०१८ च्या संचासाठी मूळ ३५ मिलिमीटर फिल्मवरून नवे संस्करण केले गेले, तेव्हा त्या काळ्या पृष्ठभागावरचा रंग अधिक स्पष्ट दिसू लागला. चौकटही जुनी, ४:३ या प्रमाणातलीच ठेवली गेली. ही गोष्ट गृहीत धरण्यासारखी नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘द सिम्प्सन्स’ ही मालिका ‘डिस्ने प्लस’वर आली ती जुन्या भागांची चौकट वरून-खालून कापून, काही दृश्यविनोद त्यात चक्क नाहीसे झाले. मूळ चौकटीचा पर्याय प्रेक्षकांना मिळाला तो मे २०२० मध्ये. ओळी गाळलेली पोथी आपण ‘सोयीची’ म्हणून स्वीकारली नसती.

याखेरीज, डीव्हीडीवर काही भागांसोबत निर्मात्यांचे ध्वनिमुद्रित भाष्यही आहे. ‘टीका’ या शब्दाचा जुना अर्थ, म्हणजे मूळ ग्रंथाला बिलगून चालणारे विवरण, विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यास याहून नेमके साधन कोणते?

आता पुन्हा सायमन ट्रेंटकडे वळू. त्या भूमिकेला आवाज दिला होता अ‍ॅडम वेस्ट यांनी. १९६६ ते १९६८ या काळात दाखवल्या गेलेल्या, जिवंत नटांच्या ‘बॅटमॅन’ मालिकेचे हे नायक. ज्याची मालिका कोणाला पाहायला मिळत नाही अशा नटाची भूमिका ते करत होते, आणि त्यांची स्वतःची मालिकाही त्या वेळी घरगुती व्हिडिओवर नव्हती. तिच्या फिती जळाल्या नव्हत्या. हक्कांची मालकी वेगवेगळ्या कंपन्यांत विभागलेली होती, एवढेच. ते १२० भाग संपूर्ण संच म्हणून प्रकाशित व्हायला नोव्हेंबर २०१४ उजाडला. वेस्ट तेव्हा ८६ वर्षांचे होते; २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. आग लागली तर निदान दुर्घटना म्हणून हळहळ तरी होते. करारांच्या कपाटात बंद पडलेल्या कृतीसाठी कोणी हळहळतही नाही.

आणि आज? आज सारे काही ‘उपलब्ध’ आहे, अशी समजूत आहे. एका सत्रात आम्ही विद्यार्थ्यांना एका सेवेवरील काही भाग पाहून यायला सांगितले होते. पुढच्या सत्रात तोच अभ्यास नव्या तुकडीला द्यायला गेलो, तर मालिका तिथून गेलेली. आमची टिपणे शिल्लक होती, ज्यावर ती काढली ती संहिता नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘एचबीओ मॅक्स’ने अनेक कार्यक्रम आपल्या यादीतून काढून टाकले, ‘इन्फिनिटी ट्रेन’ ही नावाजलेली अ‍ॅनिमेशन मालिका त्यांतलीच एक. वर्गणी भरणारा प्रेक्षक हा वाचनालयाचा सभासदही नसतो. वाचनालयाने पुस्तक बाद केले तर ते निदान रद्दीत तरी सापडते.

आमच्या मताविरुद्ध जाणारी एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘ग्रे घोस्ट’च्या त्याच भागातला गुन्हेगार कोण निघतो? टेड डायमर, जुन्या खेळण्यांचा दुकानदार आणि वेडा संग्राहक. आणखी खेळणी घेण्यासाठी पैसा हवा म्हणून तो स्फोट घडवतो. त्याला आवाज दिला आहे खुद्द ब्रूस टिम यांनी, आणि चेहराही त्यांच्याच वळणाचा आहे. निर्मात्याने स्वतःवरच उगारलेला हा आसूड. २०१८ चा विशेष संच क्रमांकित, मर्यादित आवृत्ती म्हणून निघाला आणि त्यात तबकड्यांसोबत तीन छोट्या बाहुल्याही होत्या! वेष्टन न फोडता कपाटात ठेवलेला संच म्हणजे डायमरचाच वारसा. तबकड्याही अमर नाहीत. त्या खराब होतात, आणि त्या वाजवणारी यंत्रे बाजारातून दिसेनाशी होत आहेत.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष ‘प्रत नको’ असा नाही. प्रत कशासाठी ठेवायची, असा तो प्रश्न आहे. डायमर आणि ट्रेंट दोघांकडेही जुन्या वस्तू आहेत. एक त्या राखतो तो आपल्यापुरत्या. दुसरा, गरिबीने गांजलेला असतानाही, मागणाऱ्याच्या हाती फीत देतो, आणि म्हणूनच ती मालिका पुन्हा सर्वांची होते.

आपल्या पेशाच्या लोकांना यातून निदान दोन कामे करता येण्यासारखी आहेत. चित्रपट किंवा मालिकेवर लिहिताना आपण कोणती प्रत पाहिली, ते आपण पुस्तकाच्या आवृत्तीसारखेच नोंदवावे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही ती नोंद मागावी. आणि ज्या कृती आपण शिकवतो त्यांची एकेक प्रत विभागाच्या कपाटात असावी, ती वाजवणाऱ्या यंत्रासकट. कपाटाची किल्ली विद्यार्थ्यांना मागता येईल अशी असावी.

त्या भागाच्या शेवटी ब्रूस वेन सायमन ट्रेंटसमोर उभा राहतो, नुकत्याच निघालेल्या व्हिडिओवर सही घेण्यासाठी. आपण ही मालिका लहानपणी वडिलांसोबत पाहत होतो, असे तो सांगतो. ज्या मुलाचे वडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले, त्याच्या हातात ती व्हिडिओ आहे. तिला स्मरणरंजन म्हणणे आम्हांला जमत नाही.